प्रार्थनापत्रात न मावलेले दिवस

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ती २३ वर्षांची आहे. एका मिशन संस्थेतर्फे दोन वर्षांच्या सेवेसाठी परदेशी जाऊन तिला दहा महिने झालेत. तिचा खर्च तिची मंडळी, म्हणजे तिचं घरचं चर्च, आणि ओळखीची चाळीसेक कुटुंबं दरमहा थोडे थोडे पैसे घालून उचलतात. निघण्याआधीच्या रविवारी पाळकांनी तिला पुढे बोलावलं, सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती सुवार्ता सांगायला जातेय, असंच तिला आणि सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तिचा दिवस मुलांच्या एका केंद्रात जातो. सकाळी भांडी, दुपारी फरशी आणि कपडे, संध्याकाळी मुलांचा गृहपाठ, तोही अर्धवट समजणाऱ्या भाषेत. एका खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या स्वयंसेविकेशी तीन आठवडे कामापुरतंच बोलणं आहे. प्रार्थनेला बसलं की झोप येते, नाहीतर रडू. तरी आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्या आणि पैसे देणाऱ्यांना दर महिन्याला पाठवायच्या प्रार्थनापत्रात ती आनंदाच्याच बातम्या लिहिते. "गेल्या पत्रातल्या फोटोत एक मुलगी माझ्या गळ्यात पडून हसतेय. ताई, ती माझ्याकडे बघून हसत नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये स्वतःला बघून हसत होती. मोबाइल काढून घेतला तेव्हा रडली. ते मी लिहिलं नाही." परत जावं असं तिच्या मनात येतं. टीम लीडरना एकदा तसं सुचवलं, तर त्यांनी नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला लायक नाही, हे बायबलमधलं वचन वाचून दाखवलं. ती विचारते: "माझं पाचारण, देवाने मला या सेवेला बोलावलं ते, खोटं होतं का? मी परत गेले तर देवाची आणि पैसे देणाऱ्यांची फसवणूक होईल का?"

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "ते मी लिहिलं नाही." तुझ्या दोन्ही प्रश्नांकडे येतेच, पण आधी या वाक्याबद्दल बोलू दे, कारण तुझा बराचसा थकवा मला तिथे दिसतो. तू एकाच वेळी दोन आयुष्यं जगतेयस. एक त्या केंद्रातल्या सिंकपाशी, आणि दुसरं दर महिन्याला घरी जाणाऱ्या पत्रात. पत्रातली तू कधी दमत नाहीस, कुणावर चिडत नाहीस, तुझ्या प्रार्थनांना आठवड्याभरात उत्तरं मिळतात. आणि महिन्याचे तीस दिवस सिंकपाशी उभ्या असलेल्या तुला तिच्याशी स्वतःला ताडून बघावं लागतं. एवढं ओझं घेऊन कुणाचीही पाठ दुखेल.

हे मी बाहेरून सांगत नाहीये. २४ व्या वर्षी मीही अशीच दोन वर्षं बाहेर होते आणि मीही अशी पत्रं लिहिली. आमच्याकडे आठवडा-दोन आठवड्यांसाठी पाहुण्या टीम यायच्या. त्यांनी वापरलेल्या चादरी धुवायचं काम माझ्याकडे आणि तिथल्या मंडळीतल्या एका वयस्क बाईंकडे होतं. मशीन पहिल्याच महिन्यात बंद पडलं ते पडलंच. मोठी चादर एकटीला पिळता येत नाही. एक टोक त्यांनी धरायचं, एक मी, आणि उलटसुलट पीळ देत एकमेकींच्या जवळ यायचं. मला त्यांची भाषा फारशी येत नव्हती. चार-साडेचार महिन्यांनी एकदा असंच पिळताना त्या काहीतरी बोलल्या, मला कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. त्यांनी आपलं टोक बादलीच्या कडेवर ठेवलं आणि हात कमरेच्या जरा वर आणून हवेत उंची दाखवली. एवढा. त्यांचा मुलगा एवढा असताना गेला होता. मग त्यांनी टोक पुन्हा उचललं आणि आम्ही ती चादर पिळून वाळत घातली.

त्या महिन्याच्या पत्रात मी काय लिहिलं माहितेय? अमुक गावाहून टीम आली, इतक्या घरी भेटी दिल्या, इतकी पत्रकं वाटली. त्या बाईंबद्दल एक ओळ नाही. मला तेव्हा ती "सेवा" वाटलीच नव्हती, चादरी वाटल्या होत्या.

म्हणून तुला पहिला प्रश्न विचारते. मुलांची ताटं घासणं ही खऱ्या सेवेच्या आधीची किंवा मधली वेळ आहे, असं तू धरून चालली आहेस. हे तू कुठून घेतलंस? पवित्र शास्त्रातून तर नाही. प्रेषित पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. माझ्या मते आपण हे मिशनऱ्यांच्या चरित्रांमधून घेतो, आणि तीही प्रवचनात सांगण्याजोगी करून घेतलेली. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालात पोचले आणि त्यांच्या हातून पहिला स्थानिक बाप्तिस्मा झाला तो डिसेंबर १८०० मध्ये. ही सात वर्षं कुणीतरी तुलाही सांगितली असतील, धीर देण्यासाठी. त्यातली बरीचशी त्यांनी निळीच्या कारखान्याची देखरेख करत काढली, हेही खरं.

पण ती सात वर्षं मी तुला नुसती धीर म्हणून देणार नाही, कारण त्यांच्या आत आणखी एक माणूस आहे. केरींची पत्नी डोरोथी. तिला मुळात यायचंच नव्हतं, अगदी शेवटच्या घटकेला ती तयार झाली. १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डोरोथीचं मन ढासळलं ते १८०७ साली ती वारली तोवर सावरलं नाही. व्यासपीठावरून सात वर्षांचा धीर ऐकू येतो, डोरोथी क्वचितच ऐकू येते. "टिकून राहा" हा सल्ला चांगला आहे, पण तो देणाऱ्याने समोरचं माणूस कसं आहे ते आधी बघायला हवं. तुझ्या लीडरनी ते बघितलं का, हे तुझ्या पत्रावरून मला समजत नाही.

त्याच धाग्यावर एक सावधगिरी. नम्रपणे केलेलं कष्टाचं काम वेगळं आणि कुणीतरी तुझ्याकडून फुकट राबवून घेणं वेगळं. दोन्हींत भांडीच घासावी लागतात, म्हणून घोटाळा होतो. जाण्याआधी तुला काय काम सांगितलं होतं, ते कागद काढून वाच. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळते का? आजारी पडल्यावर विमा आहे का, आणि त्याची कागदपत्रं तुझ्याकडे आहेत का? तुझा व्हिसा तू करत असलेल्या कामाचाच आहे ना? आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे? "सुरक्षित राहावा म्हणून" सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसात ठेवायची पद्धत काही ठिकाणी असते, भल्या हेतूनेही असते. पण माणसाची ओळखपत्रं दुसऱ्याने ठेवून घेणं ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या खुणांपैकी एक आहे. तुझा पासपोर्ट तुझ्या कुलपात हवा, त्याची प्रत घरच्यांकडे हवी, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे फक्त तुला काढता येतील असे हवेत. हे मागताना संकोच वाटला तर माझं नाव सांग. आणि तिथे कुणी अंगचटीला येत असेल, धमकावत असेल, तर पुढचं काहीही वाचत बसू नकोस. आधी तिथून बाहेर पड, घरी आणि दूतावासाला कळव.

तसं काही नसेल, असं धरून पुढे जाते.

आता ते प्रार्थनापत्र. तू समजतेस की लोक पैसे देतात ते चांगल्या बातम्यांसाठी, आणि त्या थांबल्या की तेही थांबतील. काही जणांच्या बाबतीत हे होईलही, मी खोटं सांगणार नाही. पण मिशनरीने मंडळ्यांना लिहिलेली सगळ्यात जुनी पत्रं आपल्या हातात आहेत, ती या नजरेने वाचून बघ. करिंथकरांस दुसरं पत्र, पहिला अध्याय, आठवं वचन. आसिया प्रांतात आपल्यावर असं संकट आलं की जगण्याचीही आशा सुटली होती, हे तुम्हाला माहीत असावं, असं पौल लिहितो. आणि दोन-तीन वचनांनी पुढे त्यांच्याकडे प्रार्थनेची मदत मागतो. क्रम बघ. आधी खरं सांगितलं, मग प्रार्थना मागितली. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तर तो त्रोवस गावात राहिलेला झगा आणायला सांगतो आणि हिवाळ्याच्या आधी ये म्हणतो. थंडी वाजते, एकटं वाटतं, पुस्तकं हवीत. इतकं साधं.

तुझी चाळीस कुटुंबं दर आठवड्याला तुझ्यासाठी गुडघे टेकतात. कशासाठी टेकतात? जी मुलगी दमतच नाही, तिच्यासाठी. तुझ्या रडण्यासाठी, तुझ्या खोलीतल्या अबोल्यासाठी, तुला न येणाऱ्या भाषेसाठी कुणीच प्रार्थना करत नाहीये, कारण कुणाला ते माहीतच नाही. मला यातलं हे सगळ्यात वाईट वाटतं.

याचा अर्थ सगळं सगळ्यांना सांगावं असा नाही. खोलीतल्या मुलीशी झालेलं भांडण चाळीस घरांत पोचायची गरज नाही, तिच्यावर तो अन्याय होईल. पण संपूर्ण खरं ज्याला ठाऊक आहे, असं एक तरी माणूस हवं. मदर तेरेसांचं उदाहरण देते. १९२८ साली १८ व्या वर्षी त्यांनी घर सोडलं, १९२९ मध्ये त्या भारतात आल्या, आणि पुढे आईला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला. प्रार्थनेत देव जाणवत नाही, आत काळोख आहे, असं त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं. त्या काळोखाची चर्चा खूप झाली. माझं लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे जातं, ते म्हणजे त्यांनी ते कुणाला तरी लिहिलं. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना, स्पष्ट शब्दांत. तुझ्यासाठी असं माणूस कोण आहे? लीडर नको, त्यांच्याकडे तुझ्या कामाचा हिशेब आहे. पैसे देणाऱ्यांपैकीही नको. घरच्या मंडळीतली एखादी वडीलधारी बाई, तुझी जुनी संडे स्कूलची शिक्षिका, आधी सेवा करून परतलेलं कुणी. तिला पंधरा दिवसांतून एकदा फोन कर आणि आधीच सांगून ठेव की मला सल्ला नको, ऐकणारं माणूस हवंय.

फोटोबद्दलही तुला टोचतंय, ते योग्यच टोचतंय. ती मुलगी तिच्या घरच्यांची आहे, आपल्या पत्राची शोभा नाही. तिच्या आई-बापांना किंवा पालकांना विचारल्याशिवाय तिचा चेहरा पाठवू नकोस, नाव तर अजिबात नको. आपल्या भावाचा, भाचीचा असा फोटो अनोळखी चाळीस घरांत गेला तर कसं वाटेल, एवढं स्वतःला विचारलं की पुरतं. त्याऐवजी तिच्या वहीचं पान, केंद्राचा दरवाजा, तू घासलेल्या ताटांची रांग पाठव. लोक ते जास्त वेळ बघतील.

प्रार्थनेला बसलं की झोप येते, म्हणतेस. मग झोप. १ राजे, १९ वा अध्याय काढ. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा होतो. देवदूत येतो तो त्याला बोधवचन ऐकवायला नाही, भाकर आणि पाणी घेऊन. तो खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा मंद शांत आवाज त्याला ऐकू येतो तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी. दहा महिने परक्या भाषेत जगणाऱ्याचा मेंदू संध्याकाळपर्यंत नुसता समजून घेण्यानेच शिणतो, त्याचा श्रद्धेशी संबंध लावू नकोस. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने परक्या संस्कृतीत जाणाऱ्यांना बसणाऱ्या धक्क्याचं वर्णन केलंय. तो लेख १९६० साली छापून आला, तोही मिशनऱ्यांमध्ये वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. पुन्हा पुन्हा हात धुणं, पाण्या-अन्नाची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, लहानशा उशिरावरून संतापणं, तिथली भाषा शिकायची टाळाटाळ आणि घरी परतायची भयंकर ओढ. त्याने दिलेल्या या खुणा वाच आणि तुझ्या गेल्या दोन महिन्यांशी ताडून बघ. सुरुवातीचं अप्रूप ओसरल्यावर ही पायरी बहुतेकांना येते, आणि बहुतेक जण ती ओलांडतात.

पण ओलांडली जात नसेल तर? सलग दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना चालू ठेवून जा. मनाचे डॉक्टर आता फोनवर, आपल्या भाषेतही भेटतात. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच क्षणी कुणाला तरी सांग आणि एकटी राहू नकोस, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत.

खोलीतल्या मुलीबद्दल थोडंच लिहिते. पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा यांचंही कडाक्याचं भांडण झालं होतं, ते लूकने लपवलं नाही. तीन आठवड्यांचा अबोला बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या गोष्टीवरून नसतो. दिवा किती वाजता बंद करायचा, फोनवर कुठे बोलायचं, कचरा कुणी टाकायचा. तीही घरापासून दूर आहे. आज रात्री तिला एवढंच विचार: "तुला इथे सगळ्यात अवघड काय जातंय?" आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नकोस.

भाषेबद्दल मात्र मी आग्रह धरेन, तू राहा नाहीतर परत ये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले. मराठी ओव्यांत रचलेलं त्यांचं ख्रिस्तचरित्र छापलं गेलं १६१६ साली. मधली ३७ वर्षं त्यांनी ऐकण्यात घातली असणार, नाहीतर अशी ओवी हाताला लागत नाही. आज चारशे वर्षांनी आपण मराठी माणसं त्यांना आपलं म्हणतो ते याच कारणाने. तुझ्याकडे १४ महिने आहेत, त्यात ओव्या होणार नाहीत. पण केंद्राच्या स्वयंपाकघरात कुणीतरी बाई असतीलच. रोज अर्धा तास भाजी चिरताना त्यांच्याशी बोल आणि चूक झाली की तिथेच थांबवा, असं सांगून ठेव. नवे पाच शब्द हातावर लिही. मुलांच्या गृहपाठाची वही त्यांच्याकडून वाचून घे. तू शिकणारी आणि त्या शिकवणाऱ्या, असं झालं की तुझं तिथलं स्थान बदलतं. मदत करायला आलेल्या पाहुणीपेक्षा विद्यार्थिनीला लोक जास्त गोष्टी सांगतात.

त्यांनाच एक अवघड प्रश्नही विचार. "मी इथे करते त्यातलं खरोखर उपयोगाचं काय? मी गेल्यावर कशाची अडचण होईल?" उत्तर ऐकायची तयारी ठेव. कदाचित त्या म्हणतील, गृहपाठ. कदाचित म्हणतील, दर वर्षी नवीन मुलगी येते, मुलं तिला लळा लावतात आणि ती जाते. हे दुसरं उत्तर आलं तर ते संस्थेपर्यंत न्यायला हवं, कारण त्यात मुलांचं नुकसान आहे. तिथल्या मंडळीतल्या माणसांनी आपल्याला बोलावलंय का, की आपण आपल्याच ओढीने आलोय, हा प्रश्न सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्याआधी विचारायला हवा. मी विचारला नव्हता.

घरच्या फोनचंही ठरवून घे. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, घरी फोन करता यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला परवानगी मिळाली. मला तो बदल शहाणपणाचा वाटतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मनसोक्त बोल. पण रोज रात्री अंथरुणात पडून मैत्रिणींची लग्नं आणि नोकऱ्या मोबाइलवर बघत राहणं हे बोलणं नाही, त्याने ओढ वाढते आणि भागत नाही.

आता परत जाण्याकडे येते. लीडरनी वाचलेलं वचन लूकच्या ९ व्या अध्यायातलं आहे. तो नांगर देवाच्या राज्याचा आहे, एका संस्थेच्या दोन वर्षांच्या अर्जाचा नाही. घरी परतून शाळेत शिकवणारी, आजारी सासूचं करणारी, ऑफिसात सचोटीने वागणारी बाईसुद्धा तो नांगर धरूनच असते. आणि एक दुसरं वचन आहे, जे तुला कुणी वाचून दाखवलं नसेल. फिलिप्पैकरांस पत्र, दुसऱ्या अध्यायाचा शेवट. एपफ्रदीत नावाच्या माणसाला फिलिप्पैच्या मंडळीने भेट देऊन पौलाच्या मदतीला पाठवलं होतं. म्हणजे मंडळीच्या खर्चाने परगावी सेवेला गेलेला, तुझ्यासारखाच. तो तिथे आजारी पडला, अगदी मरणाला टेकला. बरा झाला, पण त्याला घरच्यांची ओढ लागली होती, आणि आपल्या आजाराची बातमी त्यांच्यापर्यंत गेली याचं त्याला वाईट वाटत होतं. पौल काय करतो? त्याला परत पाठवतो. आणि मंडळीला लिहितो की याला पूर्ण आनंदाने घ्या, अशांचा मान राखा. नांगराचा उल्लेख नाही, कुठे कमी पडला याचा हिशेब नाही.

तू परत यायलाच हवं, असं मी म्हणत नाही. दार उघडं आहे हे माहीत असेल तरच राहण्याचा निर्णय तुझा स्वतःचा होईल, म्हणून हे सांगितलं. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा एक जुना नियम आहे: मन उजाड असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. मी त्याला एक पुस्ती जोडते, आजार आणि धोका सोडून. तेव्हा आज रात्री काही ठरवू नकोस. कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या एका तारखेला खूण कर. तोवर रोज रात्री तीन ओळी लिही: आज काय केलं, कुणाशी खरं बोलले, कशाने जीव थकला. या सहा आठवड्यांत सुट्टीचा दिवस पूर्ण घे, डॉक्टरांना भेट, आणि लीडरकडे कामात बदल माग, उदाहरणार्थ दुपारच्या फरशीऐवजी भाषेचा वर्ग. "राहायचं की जायचं" याच्या मधेही जागा असते. काम बदलून राहणं, पंधरा दिवस रजा घेऊन परतणं, दोन वर्षांऐवजी दीड वर्षावर थांबणं. त्या तारखेला वही वाचून काढ. जीव हळूहळू वर येतोय की खालीच जातोय, ते तुझ्याच अक्षरात दिसेल.

परत यायचं ठरलं तर कुणाच्या तोंडून कळायच्या आत मंडळीला आणि त्या चाळीस घरांना तू स्वतः लिही. उरलेल्या पैशांचा हिशेब दे आणि ते परत करायचे की दुसऱ्या कामाला द्यायचे, ते त्यांनाच विचार. मुलांचा नीट निरोप घे, अचानक नाहीशी होऊ नकोस, त्यांनी तसे पुष्कळ निरोप पाहिले असतील. आणि घरी आल्यावर पहिले काही महिने तिथल्यापेक्षाही परकं वाटलं तर घाबरू नकोस. दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्यांनाही तसं होतं, मला झालं होतं.

पाचारणाबद्दल. ते खोटं होतं असं मला वाटत नाही. तू ते ऐकलंस आणि त्याच्यावर एक चित्र स्वतःचं स्वतः काढलंस, जसं आम्ही सगळ्यांनी काढलं होतं. चित्र पुसलं जाताना दुखतं.

या महिन्याचं पत्र अजून गेलं नसेल, तर ते असं सुरू करून बघ:

"प्रिय मंडळी, या महिन्यात मी साधारण दोन हजार ताटं घासली. मला इथली भाषा अजून नीट येत नाही आणि गेले दोन महिने मी वरचेवर रडतेय. गेल्या पत्रातल्या फोटोबद्दल मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे..."

पाठवण्याआधी ते तुझ्या त्या एका माणसाला वाचून दाखव. आणि ताटांचा आकडा मी अंदाजाने लिहिलाय, तू मोजून लिही.